वाचकांचे प्रश्न : फ्रेंच तोंडी इंग्रजी नावे

या वेळी निवडलेली चारही पत्रे एकाच विषयाची आहेत : इंग्रजी व्यक्तिनामे फ्रेंच बोलताना कशी उच्चारावीत. उत्तरांमध्ये फ्रेंच उच्चार देवनागरीत दिले आहेत, म्हणून लेखनाचा संकेत आधी सांगतो. 'श' म्हणताना कंठात कंप आणला की जो ध्वनी निघतो त्यासाठी 'झ', आणि 'स' म्हणताना तसाच कंप आणला की जो निघतो त्यासाठी नुक्ता दिलेला 'ज़' वापरला आहे. साधा 'ज' मात्र 'जीवन' या शब्दातल्याप्रमाणेच वाचावा. चंद्रबिंदू असेल तेथे स्वर नाकातून काढायचा आणि त्यानंतर 'न' किंवा 'म' अजिबात येऊ द्यायचा नाही.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून फ्रेंच शिकत आहे. आमच्या शिक्षिका 'रॉबर्ट' हे नाव शेवटचा 'ट' गाळून 'रोबेर' असे वाचतात आणि 'मार्टिन'मधला 'न' नाकात विरवून 'मार्तँ' म्हणतात. परंतु 'केविन' आले की शेवटचा 'न' स्पष्ट उच्चारतात. 'मार्टिन' आणि 'केविन' यांची शेवटची अक्षरे तर तीच आहेत. मग हा भेद कशावरून करायचा? की प्रत्येक नाव पाठच करावे लागते?
— फ्रेंचचा एक विद्यार्थी

उत्तर : पॅरिसच्या मेट्रोच्या १ क्रमांकाच्या मार्गावर, शाँज़ एलीज़े या रस्त्याखाली, दोन स्थानके लागोपाठ येतात. एकाला इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याचे नाव आहे, तर दुसऱ्याला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डी. रुझवेल्ट यांचे. पहिल्याला पॅरिसकर 'झोर्झ सँक' म्हणतात. 'सँक' म्हणजे पाच. राजा इंग्रज असला तरी त्याचे नाव पूर्णपणे फ्रेंच होऊन जाते. दुसऱ्या स्थानकाच्या नावातला 'फ्राँक्लिन' मात्र निम्माच फ्रेंच झालेला असतो : पहिला स्वर नाकातून येतो, पण शेवटचा 'न' शाबूत राहतो. आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या दोन स्थानकांमध्येच आहे.

फ्रेंच माणूस असे नाव वाचताना मनातल्या मनात आधी एक गोष्ट ठरवतो : हे नाव आपल्याकडे, याच लेखनात, आधीपासून आहे का? असेल तर ते नाव फ्रेंचच समजले जाते, मग ते धारण करणारी व्यक्ती कोणत्याही देशाची असो. रॉबर्ट, रिचर्ड, टॉमस, चार्ल्स, आर्थर, डेव्हिड, मार्टिन ही सर्व नावे फ्रेंचमध्ये शतकानुशतके रुळलेली आहेत, म्हणून ती अनुक्रमे रोबेर, रिशार, तोमा, शार्ल, आर्त्युर, दाविद आणि मार्तँ अशी होतात. फ्रान्समध्ये अमेरिकन अभिनेता 'रोबेर दे नीरो' असतो आणि अध्यक्ष निक्सन 'रिशार निक्सोन' असतात. सर्वांत बोलके उदाहरण उत्क्रांतिवादाच्या जनकाचे आहे. त्याला फ्रेंचमध्ये 'शार्ल दार्विन' म्हणतात. 'चार्ल्स' हे नाव ओळखीचे असल्यामुळे ते फ्रेंच वळणाने येते, आणि 'डार्विन' हे आडनाव परके असल्यामुळे त्यातला 'न' 'मार्तँ'प्रमाणे नाकात विरत नाही. एकाच माणसाच्या नावाचे दोन भाग असे दोन नियमांनी चालतात आणि बोलणाऱ्याला त्यात काही वेगळे जाणवतही नाही.

याउलट जे नाव फ्रेंच परंपरेत नव्हते आणि चित्रपट, दूरदर्शन किंवा संगीत यांच्यामार्फत कानांनी आत आले, त्याचा ऐकू आलेला सांगाडा टिकवला जातो. 'केविन' हे अशा नावांमधले सर्वांत ठळक नाव होय. १९९१ साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुलांना सर्वाधिक दिले गेलेले नाव हेच होते. बहुतेकदा ते पहिल्या स्वरावर तिरकी रेघ देऊन लिहितात, म्हणजे तो स्वर स्वच्छ 'ए' असा वाचला जावा. शेवट मात्र 'वीन' असाच होतो, 'वँ' असा कधीच नाही. त्याच पिढीतले 'दिलान', 'झोर्दान', 'ब्रायान' आणि नंतर आलेले 'एतान' यांचेही शेवटचे 'न' पूर्ण उच्चारले जातात. १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये मुलांची नावे पंचांगातल्या संतांच्या नावांपुरती आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींच्या नावांपुरती मर्यादित ठेवली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बंधन हळूहळू सैल होत गेले आणि ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने ते जवळजवळ संपले. एवढी वर्षे नावांचा साठा बंदिस्त राहिल्यामुळेच 'आपले नाव' आणि 'बाहेरचे नाव' ही सीमा फ्रेंच कानाला इतकी स्पष्ट जाणवत असावी, असे मला वाटते.

आता अडचणीच्या जागा. काही नावे दोन्ही बाजूंना उभी आहेत आणि त्यांचा उच्चार संदर्भावरून ठरतो. 'रॉबिन' हे नाव घ्या. शेरवूडच्या जंगलातला रॉबिन हूड फ्रेंचमध्ये फार पूर्वीपासून 'रोबँ दे ब्वा', म्हणजे 'वनातला रॉबिन', म्हणून ओळखला जातो. पण बॅटमॅनचा जोडीदार असलेला रॉबिन हा 'रोबिन' आहे, कारण तो अमेरिकन चित्रकथांतून आला. अक्षरे तीच, नाव तेच, पण दोघे ज्या वाटेने आले ती वाट वेगळी. 'जेसन'चेही असेच आहे : ग्रीक पुराणातला, सोनेरी लोकर आणायला निघालेला वीर 'झाज़ोँ' असतो, पण आजच्या एखाद्या मुलाचे नाव जेसन असेल तर त्याच्या नावातला शेवटचा 'न' ऐकू येतो. 'नेथन'च्या बाबतीत 'नाताँ' आणि 'नातान' असे दोन्ही उच्चार कानावर पडतात.

वर दिलेल्या सूत्राला अपवादही आहेत, आणि ते लपवणे योग्य होणार नाही. 'रॉजर' हे नाव फ्रेंचमध्ये 'रोझे' म्हणून अगदी घरचे आहे. सूत्राप्रमाणे जेम्स बाँडची भूमिका करणारे रॉजर मूर हे 'रोझे मूर' व्हायला हवे होते, परंतु फ्रेंच लोक त्यांना इंग्रजी वळणानेच 'रॉजर' म्हणतात, आणि टेनिसपटू फेडरर यांचेही नाव असेच घेतात. 'रोझे' हे एका विशिष्ट जुन्या पिढीचे नाव वाटते, ते या व्यक्तींना चिकटत नाही, असे कारण देता येईल. पण हे कारण मागाहून सुचलेले आहे. प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत पहिल्यांदा जो उच्चार रूढ झाला तो टिकला, एवढेच खात्रीने म्हणता येते. त्यामुळे सूत्र हाताशी ठेवा. प्रसिद्ध व्यक्तीचे नाव मात्र एकदा फ्रेंच बातमीपत्रात ऐकून घ्या.

आपल्या शिक्षिका जे करतात ते तंतोतंत बरोबर आहे. नावे पाठ करू नका. नवे नाव भेटले की ते फ्रेंच साठ्यातले आहे का, याची नोंद वहीत करा. शंभरेक नावांनंतर आपला अंदाज क्वचितच चुकेल.

प्रश्न : मी एका ध्वनिपुस्तकासाठी फ्रेंच मजकूर वाचणार आहे. कथा लंडनमध्ये घडते आणि पात्रांची नावे हॅरी, हेदर, विल्यम, जेनिफर, पीटर, एमिली अशी आहेत. ही नावे मी शुद्ध इंग्रजी उच्चाराने वाचावीत की फ्रेंच वळणाने? आणि फ्रेंच वळण द्यायचे झाले तर मराठी माणसाच्या जिभेला नेमके कोठे सांभाळावे लागेल?
— एक वाचिका

उत्तर : फ्रेंच वळणाने वाचावीत. फ्रेंच वाक्य एका संथ लयीत चालते आणि त्यात भार प्रत्येक शब्दावर न पडता शब्दसमूहाच्या अखेरच्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शेवटच्या तुकड्यावर, पडतो. मध्येच एखादे नाव इंग्रजी आघातासह आले की ऐकणाऱ्याचे लक्ष कथेवरून उडून वाचणाऱ्याकडे जाते. 'एमिली'मध्ये इंग्रज पहिल्या अवयवावर भार देतो आणि पुढचे दोन पुसट करतो. फ्रेंच माणूस तिन्ही अवयव सारखे स्वच्छ उच्चारून 'ली' किंचित लांबवतो. मराठीतही शब्दातल्या आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्याला हे सहज जमण्यासारखे आहे.

सर्वांत मोठी दक्षता मराठी लेखनाच्या सवयीमुळे घ्यावी लागते. इंग्रजी नावातले 'टी' आणि 'डी' आपण 'ट' आणि 'ड' असे लिहितो व बोलतो. फ्रेंचमध्ये हे दोन्ही ध्वनी दंत्य आहेत, म्हणजे आपल्या 'त' आणि 'द' यांच्या अगदी जवळचे. म्हणून पीटरचा 'पितेर' करा आणि डेव्हिडचा 'दाविद'. एवढा एक बदल केला तरी निम्मे काम झाले असे समजा. 'प' आणि 'क' यांच्या बाबतीत काहीच करावे लागत नाही. इंग्रज हे वर्ण शब्दाच्या आरंभी थोड्या श्वासासह सोडतो, फ्रेंच माणूस मराठी माणसासारखेच कोरडे उच्चारतो. स्वरांतही आपल्याला एक लाभ आहे. 'जेम्स' किंवा 'केट' म्हणताना इंग्रजाचा 'ए' शेवटी 'इ'कडे सरकतो. आपला 'ए' सरकत नाही आणि फ्रेंच 'ए'ही सरकत नाही. आपल्या तोंडचा 'जेम्स' लंडनपेक्षा पॅरिसला अधिक जवळचा आहे.

आता आपल्या यादीतली नावे. 'हॅरी'मधला 'ह' पूर्णपणे गळतो आणि 'आरी' उरते. शेरलॉक होम्सही याच कारणाने 'ओल्म्स' होतो. मात्र येथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागेल. फ्रेंचमध्ये 'चा, ची, चे' या अर्थी येणारा 'द' हा शब्द पुढच्या शब्दाच्या आरंभी स्वर असेल तर त्याला चिकटतो. 'ह' उच्चारला जात नसल्यामुळे 'हॅरीचा' हे 'दारी' असे जोडायचे की 'द आरी' असे वेगळे ठेवायचे, याबाबत फ्रेंच भाषकांमध्येही एकवाक्यता नाही. आपण छापील मजकूर पाहा : अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह असेल तर जोडा, नसेल तर मध्ये किंचित फट ठेवा.

'हेदर'मध्ये 'ह'शिवाय दुसराही प्रश्न आहे. इंग्रजीतला 'टीएच' हा ध्वनी फ्रेंचमध्ये नाही. तो मराठीतही नाही, आणि आपण त्याच्या जागी 'थ' किंवा 'द' बसवून मोकळे होतो, म्हणून फ्रेंच माणसाने 'स' किंवा 'ज़' बसवला तर त्याला चुकीचे ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. फ्रान्समध्ये 'हेदर'चे साधारणपणे 'एज़ेर' होते. कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांतात हा ध्वनी बदलताना 'त' किंवा 'द' यांच्याकडे कल असतो, हेही ध्यानात ठेवा. ध्वनिपुस्तक कोणत्या श्रोत्यांसाठी आहे हे निर्मात्यांना विचारून घ्यावे. पण 'टीएच' दिसले की 'स' म्हणायचे, असा सरसकट नियम करू नका. नाव जर फ्रेंच रूपात परिचित असेल तर तेथे सरळ 'त' येतो : एलिझाबेथ टेलर 'एलिज़ाबेत' असते, आणि अगाथा ख्रिस्ती 'आगाता क्रिस्ती' असते.

'विल्यम'चा आरंभ ओठ गोल करून करावा, 'उइल्याम' असा. मराठीतला एकच 'व' इंग्रजीतल्या 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्हींसाठी चालतो, फ्रेंचमध्ये तसे चालत नाही. 'व्हिक्टर'चा आरंभ वरचे दात खालच्या ओठावर टेकवून होतो, 'विल्यम'चा होत नाही. जर्मन वळणाच्या नावात 'डब्ल्यू' असला तर त्याचा दंतोष्ठ्य 'व' होतो, म्हणून 'वॉल्टर'चे दोन उच्चार ऐकू येतात. कथेतले पात्र इंग्रज असेल तर गोल ओठांचाच घ्या.

'जेनिफर' हे 'झेनिफेर' असेही चालते आणि 'जेनिफेर' असेही. फ्रेंच लेखनात 'जे' हे अक्षर 'झ' दाखवते, पण इंग्रजी 'ज' उच्चारणे फ्रेंच माणसाला अवघड नाही. गायक जॉनी हॅलिडे यांचे मूळ नाव झाँ-फिलिप स्मेत असे फ्रेंचच होते, पण त्यांनी घेतलेले 'जॉनी' हे नाव साऱ्या फ्रान्सने इंग्रजी 'ज'नेच उच्चारले. माझे मत असे की लहान, घरगुती आणि उघडपणे इंग्रजी असलेल्या नावांत, म्हणजे जॉन, जिम, जॉनी यांत, 'ज' ठेवावा; जेनिफर, जेसिका, जोनाथन अशा लांब नावांत 'झ' अधिक सहज वाटतो. कोणताही एक निवडा, पण पुस्तकभर तोच ठेवा. तिसऱ्या प्रकरणात जेनिफर आणि नवव्यात झेनिफेर असे झाले तर ऐकणाऱ्याला त्या दोन वेगळ्या स्त्रिया वाटतील.

प्रश्न : इतिहासाच्या फ्रेंच पुस्तकात विल्यम द काँकररला 'गियोम' म्हटले आहे, पण फ्रेंच वृत्तपत्रात आजच्या राजपुत्राला 'विल्यम'च लिहितात. हे एकच नाव आहे ना?
— इतिहासाचा एक अभ्यासक

उत्तर : होय, एकच. दोन्ही रूपे एकाच जर्मानिक, म्हणजे जर्मन आणि इंग्रजी ज्या भाषाकुळातल्या आहेत त्या कुळातल्या, नावापासून निघाली आहेत. मध्य फ्रान्सच्या बोलींत जर्मानिक शब्दांच्या आरंभीच्या 'डब्ल्यू'चा 'ग' झाला, तर नॉर्मंडीच्या उत्तरेकडच्या बोलींत मूळ ध्वनी टिकला. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारा हा सरदार नॉर्मन होता, म्हणून इंग्लंडला आपल्या नावाचे 'डब्ल्यू'चे रूप त्याच्याकडून मिळाले. या विजयाची कथा दाखवणाऱ्या बायूच्या प्रसिद्ध भरतकामावरच्या लॅटिन अक्षरांतही ते 'विलेल्म' असेच आहे. म्हणजे प्रमाण फ्रेंचमधले 'गियोम' हे रूप त्याच्या स्वतःच्या प्रदेशाच्या बोलीपासून दूरचे आहे.

जुन्या राजांची नावे भाषांतरित करण्याची प्रथा फ्रेंचमध्ये दृढ आहे. हेन्री आठवा हा 'आँरी', जॉन हा 'झाँ', पहिला जेम्स हा 'झाक', एडवर्ड हा 'एदुआर', मेरी स्टुअर्ट ही 'मारी'. आजच्या राजपुत्रांना हा नियम लावत नाहीत. विल्यम आणि हॅरी तसेच राहतात, जरी हॅरीचे खरे नाव हेन्री असले तरी. तिसऱ्या चार्ल्सच्या बाबतीत प्रश्नच उद्भवला नाही, कारण लेखन दोन्ही भाषांत एकच आहे आणि फ्रेंच माणूस ते 'शार्ल त्र्वा' असे वाचतो. 'जॉर्ज'मध्ये मात्र एक खूण दिसते : फ्रेंच माणसाच्या या नावाच्या शेवटी एक मूक 'एस' लिहितात, इंग्लंडच्या राजाच्या नावात तो लिहीत नाहीत. उच्चारात काही फरक पडत नाही. वर उल्लेखलेल्या मेट्रो स्थानकाच्या पाटीवरही तो 'एस' नाही.

प्रश्न : माझे नाव 'जीन' आहे, इंग्रजी पद्धतीने 'जे-ई-ए-एन' असे लिहिते. कामानिमित्त फ्रान्समध्ये पत्रव्यवहार करावा लागतो आणि प्रत्येक उत्तर 'मस्यो', म्हणजे 'महाशय', असे संबोधून येते. दूरध्वनीवर अक्षरे सांगितली तरी नाव चुकीचेच लिहून घेतले जाते. काय करावे?
— एक वाचिका

उत्तर : आपल्या नावाची ही चार अक्षरे फ्रेंच डोळ्याला पुरुषाचे नाव दाखवतात : 'झाँ', म्हणजे इंग्रजीतला जॉन. लेखनावरून आपण स्त्री आहात हे कळण्याचा मार्ग त्यांच्याकडे नाही, त्यामुळे यात कोणाचाही अनादर नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. असा घोटाळा उलट दिशेनेही होतो. 'लॉरेन्स' हे नाव 'एयू' या अक्षरांनी लिहिले की फ्रेंचमध्ये ते स्त्रीचे असते, त्यामुळे इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे नाव फ्रेंच माणसाला प्रथम बाईचे नाव वाटावे असे आहे. पत्राच्या शेवटी स्वाक्षरीखाली आपल्या नावाआधी 'मादाम' असे स्पष्ट लिहीत जा. फ्रेंच पत्रव्यवहारात ते वावगे दिसत नाही.

बोलताना 'झ' न म्हणता ठळक 'ज' घेऊन 'जीन' म्हणा. अमेरिकन अभिनेत्री जीन सीबर्ग यांचे लेखन आपल्यासारखेच होते, १९६० पासून त्या फ्रेंच चित्रपटांमुळे घरोघरी माहीत झाल्या, आणि त्यांचे नाव तेथे 'जीन' असेच घेतले गेले. इंग्लंडमध्ये जन्मून फ्रान्समध्ये नाव कमावलेल्या जेन बर्किन यांनाही फ्रेंच लोक 'जेन' म्हणत, त्यांच्या नावाचे फ्रेंच रूप 'झान' असूनही. म्हणून आपला उच्चार मान्य करून घेणे आपल्याला मुळीच कठीण जाऊ नये.

दूरध्वनीवरची अडचण वेगळीच आहे आणि ती अक्षरांच्या नावांत आहे. फ्रेंचमध्ये 'जे' या अक्षराचे नाव 'झी' आहे आणि 'जी' या अक्षराचे नाव 'झे'. इंग्रजीच्या बरोबर उलट. आपण 'जे' म्हणालात की पलीकडचा माणूस 'जी' लिहून घेतो. पुढचे 'ई' हे अक्षर सांगताना आपण 'ई' म्हणता, पण फ्रेंचमध्ये 'ई' हे 'आय' या अक्षराचे नाव आहे. आपल्याला हवे असलेले अक्षर तेथे साधारण 'अ' असे, ओठ गोल करून, म्हणतात. 'ए' या अक्षराला 'आ' म्हणायचे. त्यामुळे आपले नाव सांगताना 'झी, अ, आ, एन' असे म्हणा, आणि लगेच 'मादाम' जोडा.